पाया पडणारं पाखरू

दोन हजार बावीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. त्या साली मुलगा सुनेला आणि नातीला घेऊन मस्कतला गेला, आणि मनवेलपाड्याच्या दोन खोल्यांत मी, आमची म्हातारी आणि नातीचा पक्षी अशी तीन माणसं उरली. पक्ष्याला माणूस म्हटलं, पण राहू दे, तसंच होतं ते.

पक्ष्याची जात कॉकाटील. दुकानवाल्यानं कॉकटेल सांगितलं, म्हणून आमचा सगळा मजला कॉकटेलच म्हणायचा. दारूचं नाव पाखराला. अंग राखाडी, डोक्यावर तुरा, गालावर फिकट नारिंगी टिळा. निघताना नातीनं विचारलं, "आजोबा, मी येईपर्यंत सांभाळाल ना?" मी शब्द दिला. मी तिसरी शिकलेला माणूस, जन्म मिठागरात गेला. सगळा व्यवहार शब्दावर केला आणि एकही मोडला नाही. हा तर पाखराचा शब्द, यात काय मोठं, असं वाटलं.

पण त्याचं एकेक वागणं कळेना. रात्री पिंजऱ्यावर चादर टाकली की आतून करकर आवाज यायचा, लेकरू झोपेत दात खातं तसा. म्हातारी म्हणाली, "जंत झालेत. वावडिंगाचं पानी द्या." दिलं. करकर थांबली नाही. पुढे कळलं की पोट भरलं, जीव शांत झाला की हा पक्षी चोच घासतो. म्हणजे जंताचं औषध आम्ही त्याच्या सुखावर देत होतो.

आणि एक सवय होती, ती मला फार आवडली. मी पिंजऱ्याचं दार उघडलं की तो माझ्या मांडीवर यायचा, मान पार खाली घालायचा, शेपूट वर करायचा आणि बारीक आवाजात चिवचिवत राहायचा. माझ्यासमोरच. म्हातारीसमोर नाही, पाहुण्यासमोर नाही. मी म्हटलं, हा पाया पडतो. शेजारची बाई बघायला आली, तीही म्हणाली, "अय्या आजोबा, खरंच नमस्कार करतोय!" मग वरच्या माळ्यावरची, खालची, सगळी येऊन बघून गेली. मी काय करायचो? पाया पडणाऱ्याला माणूस काय देतो? पाठीवर हात ठेवून आशीर्वाद. मिठानं खाल्लेले माझे हात, खरखरीत, पण त्याला ते चालायचे. सकाळ-संध्याकाळ मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवायचो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. आमच्या घरात पाया पडायची रीत मुलानं कधीच सोडली होती.

दीडएक वर्षानं तो बिघडला. पेपर दिसला की चिंध्या करायचा. चपलांच्या कपाटाखाली अंधारात शिरायचा आणि हात घातला की सापासारखा फुत्कारायचा. मला चावला. मी म्हटलं, एवढे भिजवलेले मूग घालतो, आणि मलाच? मग एका दुपारी म्हातारी केर काढायला वाकली आणि ओरडली, "अवो, या इकडे! तुमच्या पोपटानं अंडं घातलंय!"

खालच्या मजल्यावरच्या पोरांना बातमी लागायला काय उशीर! जिन्यात भेटले की दात काढायचे, "काका, तुमचा तर पोपट झाला!"

म्हातारीनं एका नजरेत ओळखलं. "ही खुडूक झाली," म्हणाली. गावाला आमच्याकडे कोंबड्या होत्या. कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवर बसते, खात नाही, पिसं फुगवते, जवळ गेलं की टोचते. आणि खुडूक मोडायची म्हणजे अंडी काढून घ्यायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. मी काढली. तिनं दुसरी घातली. ती काढली. तिसऱ्या वेळी कवच इतकं मऊ होतं की बोटात दबलं. ती पिंजऱ्याच्या तळाला बसली, डोळे मिटून, श्वास घेताना शेपूट हलत होतं. तेव्हा मात्र मी रिक्षा करून माणिकपूरला पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. म्हातारीही आली.

बाईंनी तपासलं, सुई दिली आणि विचारलं, "काका, हिला हात लावता का? पाठीवरून?"

"लावतो. ती पाया पडते, मी आशीर्वाद देतो."

"कशी पाया पडते?"

मी मान खाली घालून दाखवलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तो नमस्कार नाही. मादी नराला बोलावते ती तशी. तिनं तुम्हाला जोडीदार मानलंय. तुम्ही पाठीवर हात फिरवता, तिला वाटतं संसार सुरू झाला, म्हणून ती अंडी घालते. अंडी काढून घेता, म्हणून परत घालते. अंगातला चुना संपत आलाय तिच्या. पुढचं अंडं अडकलं तर पक्षी वाचत नाही."

मी म्हटलं, "बाई, मी म्हातारा माणूस. काहीतरी बोलू नका."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. बाहेर आल्यावर रिक्षा स्टँडवर चार माणसांत म्हणाली, "या वयात माझ्या उरावर सवत आनली तुमी! आनि आशीर्वाद कसला देत होते, अष्टपुत्रा भव?"

"गप बस."

"मी कशी गप बसू? माझ्या पाठीवरून कधी फिरवला होता असा हात?"

मी पिंजरा उचलून रिक्षात बसलो. 

बाईंनी सांगितलं ते सगळं केलं. मला पटलं होतं म्हणून नव्हे, शब्द दिला होता म्हणून. पुढची अंडी तिच्याखालीच ठेवली. मूग बंद, तशा भिजवलेल्या खाण्यानंही अंडी येतात म्हणाल्या. कपाटाखाली फळकूट ठोकलं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून माकुळाचं पांढरं हाड, समुद्रफेस म्हणतात ते, चुन्यासाठी आणून पिंजऱ्यात टांगलं. संध्याकाळ झाली की चादर. आणि हात लावला नाही.

हे शेवटचं तिला समजावणार कसं? मी समोर आलो की ती मान खाली घालायची. मी हात पाठीमागे बांधून उभा. ती वर बघायची, परत मान घालायची, मग ओरडायची, दिवसभर, भिंतीपलीकडून माणसं ठोकायची तोवर. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो तर आणखी ओरडायची. तिला वाटत असणार, याला काय झालं, कालपर्यंत बरा होता. काय सांगणार? कोंबडीची भाषा मला येत होती असं वाटायचं, तीही कुठे येत होती!

अंडी गार पडली, तिनं सोडली, मला वाटलं सुटलो. आणि पुन्हा घातलं. हात न लावता. बाईंकडे परत गेलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही नुसते समोर असलात तरी तिला पुरतं, काका. तुमच्यापासून लांब गेली तर कदाचित थांबेल." वसई गावात एक गृहस्थ मोठ्या जाळीत असे पक्षी ठेवतात, ते घेतील म्हणाल्या.

"तिथे जगेल?"

"सांगता येत नाही. खाणं सोडतात कधी कधी. इथे मात्र जगणार नाही."

संध्याकाळी मस्कतहून फोन आला. नात दिसली, केस कापलेले. दोन वर्षांत उंच झाली होती. मी सगळं सांगितलं, नवरा-बायकोचं सोडून. म्हटलं, तुझा पक्षी आहे, मी शब्द दिलाय, तू म्हणशील तसं. नाही म्हणालीस तर ठेवतो, काहीतरी करतो.

ती बाजूला कुठेतरी बघत होती. "अरे, ती अजून आहे? देऊन टाका ना आजोबा. आम्ही इथे मांजर घेतलंय. थांबा, दाखवते."

तिनं मांजर दाखवलं. पांढरं होतं. म्हातारीनं छान आहे म्हटलं. मी मागच्या खुर्चीत जाऊन बसलो. शब्द मी एकटाच धरून बसलो होतो, समोरच्या टोकाला कोणी नव्हतंच.

फोन ठेवल्यावर म्हातारी म्हणाली, "नका देऊ. असू दे. मरायची ती इथंच मरंल, आपल्यासारखी."

मी उठून पिंजऱ्यावर चादर टाकली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आंघोळीला गेल्यावर मी पिंजरा चादरीसकट उचलला आणि खाली उतरलो. रिक्षावाल्याला म्हटलं, वसई गावात घे. चादर हलली तसा तो आरशातून बघून म्हणाला, "काका, आत काय आहे?"

"काही नाही," म्हटलं. "चालव तू."