शिखराच्या तासभर अलीकडे

डोंगर चढणाऱ्यांविषयी लोकांना जो आदर वाटतो तो मला कधीच वाटला नाही, कारण मी त्यांच्यासोबत तंबूत राहिलो आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या एका गिर्यारोहण मंडळाने मला हिमालयात नेलं. मी वसईच्या वाडीतला, केळीचे लोंगर खांद्यावरून बाजारात पोचवत वाढलेला, आणि आमच्या घरातला पहिला बी.ए. मंडळातल्या बाकीच्यांच्या आजोबांनाही इंग्रजी येत होतं. माझी पदवी कोणी विचारली नाही, खांदे मात्र सगळ्यांनी पाहिले. ओझी उचलील आणि उलट बोलणार नाही असा एक गडी त्यांना हवा होता. दुसरी अट मी पाळीन असं त्यांना का वाटलं, देव जाणे.

मोहिमेचे नेते एका कंपनीत मोठे अधिकारी होते. त्यांना सगळ्यांनी 'सर' म्हणायचं. पहाडी हमालांनी पाठीवरून आणलेली डबाबंद फळं खात ते आम्हाला निसर्गापुढे नम्र कसं व्हावं ते सांगायचे. हमाल बाहेर वाऱ्यात बसलेले असायचे. नम्र होण्याची गरज त्यांना नसावी.

शेवटच्या तळावरून आम्ही चौघे निघालो: सर, एक डॉक्टर, मी आणि लाहौलकडचा वाटाड्या. हा चाळिशीचा माणूस दिवसाला दहा-बारा शब्दांच्या वर बोलत नसे. शिखर वीस हजार फुटांच्या आसपास. एवढ्या उंचीवर थोर विचार सुचतात असं लोक लिहितात. मला एक पाऊल टाकून चार श्वास घ्यावे लागत होते, डोकं ठणकत होतं आणि मनात सकाळभर फक्त आईच्या हातचं बोंबलाचं कालवण होतं.

दहाच्या सुमारास एक सपाटी लागली. सर तिथे बर्फात बसले ते उठेनात. वर धार स्पष्ट दिसत होती आणि धारेच्या टोकाला शिखर.

"टॉप वो रहा, साब," वाटाड्या म्हणाला. "एक घंटा. मौसम साफ है."

"हेच टॉप समजा," सर म्हणाले.

"समजा म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागे नुसतं आकाश येईल असा फोटो घ्या. घरी बसून बघणाऱ्याला काय कळतंय? फोटो झाला की परत फिरायचं."

सरांनी सॅकमधून झेंडा काढला. डॉक्टरांनी कॅमेरा काढला. वाटाड्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो दोर गुंडाळू लागला. मी झेंड्याचं दुसरं टोक धरलं. फोटो चांगला आला. त्यात मी हसतो आहे.

परत आलो तोवर पेपरात चार ओळी छापून आल्या होत्या आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाने सत्कार ठरवला होता. देवळापुढे मांडव, प्रमुख पाहुणे म्हणून सर. ते दुपारीच आमच्या अंगणात येऊन बसले. आईने शहाळं फोडून दिलं. ते पिऊन होताच त्यांनी अहवालाचा शेवटचा कागद पुढे केला: 'आम्ही खालील सदस्य शिखरावर पोचलो.' डॉक्टरांची सही झालेली होती.

"तुमची राहिली आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या मोहिमेत तुम्हाला उपनेता करतो आहोत."

मला उपनेता व्हायचं होतं. दुसऱ्याची ओझी न वाहता मला एकदा हिमालयात जायचं होतं, आणि तिकडे नेणारं दुसरं कोणी माझ्या ओळखीचं नव्हतं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"अहो, तासाभराचा तर प्रश्न."

"मग चढायचं होतं."

"तुमच्यासारख्याला तिथवर नेलं कोणी, ते विसरू नका."

"सर, माझे वडील कागदावर अंगठा लावतात. तरी आधी कोणाकडून तरी वाचून घेतात, मगच लावतात."

सर उठले. संध्याकाळी सत्काराच्या वेळी त्यांना अचानक काम निघालं.

मांडवात ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षांनी भाषणात मला जगातल्या सर्वांत उंच शिखरावर चढवलं. मी माइक घेऊन सांगितलं की ते शिखर सर्वांत उंच नव्हतं, आणि त्याच्याही माथ्यावर आम्ही गेलो नाही, तासभर अलीकडून फिरलो.

मग मागून पाचूबंदरचा एक म्हातारा म्हणाला, "मंग हार कोनाला घालायचा?" मांडव हसला.

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "बाबा रे, चिवडा वाटून झाला. हे सकाळी सांगता येत नव्हतं? तासाभराने गावाचं काय बिघडत होतं?" मग त्यांनी चिटणीसांना हाक मारली. "शाल बाजूला ठेवा, भजनाच्या बुवांना होईल. नारळ राहू दे त्याला."

खरं बोलावं म्हणून शाळेत आम्हाला छड्या मारणारे गुरुजी पहिल्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते चपला शोधत होते.

मी ताठ मानेने निघालो. वडील सोबत चालत होते. आता ते शाबासकी देतील असं मला वाटत होतं. सपाटीवर काय झालं ते मी त्यांना वाटेत सांगितलं. ते ऐकून त्यांनी विचारलं, "तो डोंगरातला मानूस चल म्हनत व्हता?"

"हो."

"हवा बरी व्हती?"

"हो."

"तुझे पाय चालत व्हते?"

"चालत होते."

"मग त्या साहेबाला तिथंच बसवून येक मानूस जवळ ठेवायचा, आन् तुमी दोघांनी जायचं. का नाय गेलात?"

ते नेते होते, मी म्हटलं, त्यांनी परत फिरा म्हणून सांगितलं.

"येवडा शिकलास," वडील म्हणाले, "आन् तो फिर म्हनाला तर फिरलास."

पुढे ते वाडीतल्या पाण्याच्या पंपाविषयी बोलू लागले.

दुसऱ्या दिवशी मी गिर्यारोहण मंडळाला राजीनामा पाठवला. त्यात सरांविषयी दोन पानं होती, वाटाड्याविषयी चार ओळी. त्या सपाटीवर मी तोंड का उघडलं नाही, याविषयी एक अक्षर नव्हतं.