छिन्नीचा हात

काम सुरू करण्याआधी ते डावा हात दोनदा झटकायचे, हात धुऊन पाणी झटकावं तसा. मग गिऱ्हाइकाने लिहून दिलेला कागद त्याच्याच पुढे धरायचे. "वाचा बरं पुन्हा. एकदा घातलं की ब्रह्मदेवालाही खोडता यायचं नाही."

कसबा पेठेत आमचं भांड्यांचं दुकान. त्याच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचं काम त्यांचं, तीसेक वर्षं तरी. तुमच्याही घरात असेल एखादा तांब्या आजीच्या नावाचा, बघा काढून. आजूबाजूच्या सगळ्यांनी मशीन घेतलं, त्यांची आपली छिन्नी-हातोडी. उजव्या हाताने ठोकायचं, डाव्याने छिन्नी चालवायची. कुणी घाई केली की म्हणायचे, "गॅस सिलिंडरवर असतात तसली ठिपक्यांची अक्षरं हवी असतील तर पलीकडे जा. तिथे लवकर होतं."

हात झटकणं ही लकब नव्हे, दुखणं आहे, हे आम्हाला कळलं ते एका लग्नामुळे. मुलीची आई तांब्या घेऊन तणतणत आली. "अहो, भर मांडवात पोरीच्या शालूवर पाणी गळलं! काय विकता काय तुम्ही?" मी तांब्या उजेडात धरला. नावावरच्या टिंबातून आरपार उजेड दिसत होता. मी दुसरा तांब्या दिला. ती गेल्यावर ते खाली बघत म्हणाले, "वहिनी, छिन्नी कुठवर गेली ते बोटांना कळलंच नाही. सहा महिने झाले, अंगठा आणि दोन बोटं बधिर आहेत."

सहा महिने! आणि आम्ही रोज समोरासमोर चहा पितोय. असा संताप आला मला. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले.

मनगटात नस दबली होती. आधी पट्टा बांधून दोन महिने काढले, फरक नाही. मग डॉक्टर म्हणाले, "नस मोकळी करू. छोटं ऑपरेशन आहे. आणि डावाच हात आहे, काळजी कसली?"

ते ताठ झाले. "डॉक्टर, उजवा हात नुसती हमाली करतो. डावा माझा डोळा आहे."

डॉक्टर बिचारे ओशाळले. मुंग्या नक्की जातील म्हणाले, पण उशीर झालाय, बोटांना पहिल्यासारखं कळेल की नाही ते सांगता येत नाही. झालं! त्यांनी तेवढंच धरून ठेवलं. रोज पायरीवर यायचे, छिन्नी हातात घ्यायचे, ठेवून द्यायचे.

शेवटी मीच तोंड सोडलं. "नाही केलं तर काय होणार आहे? आणखी चार तांब्यांना भोकं!"

ते हसले नाहीत. "एक काम राहिलंय वहिनी. माझंच आहे, दुसऱ्याकडून करून घेण्यासारखं नाही. तेवढ्यापुरता हात हवा." आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन करून मोकळे झाले.

सकाळी गेले, दुपारी घरी. हात वर ठेवायला सांगितलं होतं, म्हणून पंजा छातीशी धरून पेठेतून हिंडायचे. "आशीर्वाद देत सुटलोय. पाया कुणी पडत नाही, हे पुणं आहे." टाके निघाले, मुंग्याही गेल्या, पण पकड येईना. फुगा दाबायचा व्यायाम दिला होता. त्यांच्या बायकोने, काकूंनी, फुगा बाजूला ठेवला आणि परात पुढे केली. "कणीक मळा. हातही सुधारेल आणि पोळ्या कशा होतात तेही कळेल."

चौथ्या महिन्यात ते दुकानात आले. डोळे मिटून डाव्या हाताच्या बोटांनी काउंटरवरच्या परातीचा काठ चाचपला. "लागतंय वहिनी," म्हणाले. "काठाचा चरा लागतोय बोटाला." मला इतका आनंद झाला की मी पेढे मागवले. मग त्यांनी जाड पत्र्याची दोन डझन फुलपात्रं मागितली, घरी बसून हात बसवतो म्हणाले. सरावाला दोन डझन कशाला, हे विचारायचं मला सुचलंही नाही. पुढे दोन वर्षं ते पुन्हा पायरीवर बसले. हात मात्र झटकत नसत.

गेल्या थंडीत हृदयविकाराने गेले. नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. तेराव्याला आमच्याकडे भांडी वाटतात, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव घालून. मी काकूंना म्हटलं, "भांडी मी पाठवते. पण नाव आता मशीनवरच घालावं लागेल हो."

काकू उठल्या आणि कॉटखालून पिशवी ओढली. आत माझीच फुलपात्रं होती. प्रत्येकावर 'कै.', पुढे त्यांचं नाव, आणि 'यांच्या स्मरणार्थ'. सगळं छिन्नीने घातलेलं, तिथीची तेवढी जागा मोकळी.

"म्हणाले होते," काकू म्हणाल्या, "वहिनींना म्हणावं, वाचा बरं पुन्हा."

मी चोवीसही वाचली. रडू आवरत नव्हतं, तरी वाचली. मग एक फुलपात्र माठातल्या पाण्याने काठोकाठ भरलं आणि तळहातावर धरून उभी राहिले. बराच वेळ धरलं.

तळहात कोरडाच राहिला.