अंगणातलं पातेलं आणि नाल्यावरचा सांभार

आमच्या घरी मटण अंगणातल्या वेगळ्या चुलीवर शिजायचं. बाबाच ते हाडापासून सुटेपर्यंत शिजवायचे आणि पातेलंही तेच घासायचे. आई माळकरी, तिने त्या पातेल्याला कधी बोट लावलं नाही.

मागच्या वर्षी आईला फिट आली. अमरावतीच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो पाहून सांगितलं, डोक्यात जंताच्या अळीची गाठ आहे. आई तिथंच बाबांवर उखडली, "तुमच्या त्या पातेल्यानंच केलं हे! मी तं मटनाले कधी शिवली नाई." मलाही बाबांचाच राग आला.

डॉक्टर म्हणाले, "हे मटणानं नाही झालं. मैल्याच्या पाण्यातून याची अंडी भाजीवर येतात. कच्चं काय खाता?"

"सांभार. घरच्याच वावरातला," आई म्हणाली.

सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. बडनेऱ्याच्या बाजारात टवटवीत दिसावा म्हणून मीच रोज सकाळी त्याच्या जुड्या नाल्यात बुडवून काढायचो. वरच्या वस्तीचे संडास त्याच नाल्यात येतात, हे काय मला दिसत नव्हतं? पण गिऱ्हाइकाला हिरवंगार पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात.

त्यातली सगळ्यात हिरवी जुडी मी आईसाठी बाजूला ठेवायचो.