गुडघ्याएवढं पाईन

झाड वाढलं म्हणून चेहरा पाडणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात आमच्या घरमालक काकांखेरीज दुसरा नसेल. अंगणात त्यांची बुटक्या जातीच्या पाईनची पाच झाडं होती. सगळ्यात जुनं सोळा वर्षांचं, तरी माझ्या गुडघ्याएवढंच. गुलमंडीतून आणलेली शिंप्याची टेप गळ्यात घालून काका दर रविवारी ती मोजायचे आणि एखादं बोटभर वाढलेलं निघालं, की त्या दिवशी चहा अर्धाच प्यायचे. आठ दिवसांनी नळ यायचा, तेव्हा आधी झाडांची आंघोळ, मग काकांची. उन्हाळ्यात छत्री झाडांवर आणि काका उघड्या डोक्यानं शेजारी बसलेले. काकू म्हणायच्या, "पुढच्या जन्मी मी पाईनच होणार. सावली तरी मिळंल."

यंदा उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नाला त्यांना पाच दिवस वैजापूरला जावं लागलं. मी त्यांची मागच्या खोलीतली भाडेकरू. झारी माझ्या हातात देत म्हणाले, "पाला तेवढा भिजव, बाई. बाकी काही घालू नको. त्याला भूक नाय."

मी बकऱ्या राखणाऱ्यांच्या घरची. सोळा वर्षांत गुडघ्याएवढंच राहिलेलं लेकरू उपाशी नाही, हे मला पटेना. फुलंब्रीहून माहेरच्या ताज्या लेंड्या आणल्या आणि त्या जुन्या झाडाच्या बुडाशी दोन ओंजळी पुरल्या. लेंड्या उष्ण असतात, कुजवूनच घालायच्या, हे मला लहानपणापासून माहीत. पण काका यायच्या आत ते टवटवीत दिसावं, असं वाटलं.

काका आले तेव्हा शेंडा पिवळा पडला होता. पंधरा दिवसांत सगळं झाड तांबूस होऊन वाळलं. काकांनी ते स्वतः खणून काढलं. मी घमेलं धरून उभी होते. मुळाशी हात घालून त्यांनी माती काढली, तर तळहातावर तीन-चार लेंड्या. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मूठ मिटली.

"ऊन लई पडलं यंदा," ते ओट्यावरच्या काकूंना ऐकू जाईल असं म्हणाले.

मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी घमेलं उचलून माती टाकायला गेले. काकू आजही उन्हाला बोल लावतात आणि मी भांडी घासत ऐकून घेते.

रविवारी काका आता चारच झाडं मोजतात. पाचव्या जागेपाशी येऊन थोडं थांबतात, टेप गुंडाळतात. उद्या ते परत वैजापूरला चाललेत. मला वाटलं होतं, या खेपेला पाणी घालायला दुसऱ्या कुणाला तरी सांगतील. आज सकाळी दार उघडलं, तर झारी माझ्याच उंबऱ्याशी ठेवलेली होती, भरून.