पडद्यामागचं कटिंग

आमच्या आत्याला माणसं तोंडावरून ओळखू येत नाहीत, पाठीवरून येतात. रस्त्याने चालताना ती मध्येच माझा हात दाबते आणि पुटपुटते, "तो बघ, बेचाळीस छाती, डावा खांदा पडका. आपलाच कोट." पुढे चाललेला माणूस वळून बघतो तेव्हा आत्याच्या चेहऱ्यावर काही ओळख उमटत नाही. कशी उमटेल? त्याचं तोंड तिने जन्मात पाहिलेलं नसतं.

कोट-पँटचं दुकान बाबांचं. पुढच्या भागात आरसा, टेबल, तयार कपड्यांचा दांडा आणि गळ्यात टेप टाकून उभे असलेले बाबा. सगळं गाव त्यांना मास्टर म्हणतं. मागे पडदा, आणि पडद्यामागे कटिंगचं लांब टेबल, इस्त्री, दोन मशीन आणि आत्या. ती बाबांची थोरली बहीण. मास्टर बाबा असले तरी कात्री आत्याची होती. आमच्या दुकानातून गेलेला एकही कोट बाबांनी कापलेला नाही. बाबांना सरळ रेघ कापायला दिली तर कापड पोटात गेल्यासारखं आत वळतं, हे ते स्वतःच हसत सांगायचे. घरातल्यांना सांगायचे, बाहेर नाही.

ही व्यवस्था आजोबांची, म्हणजे घरातल्या अण्णांची. त्यांनी दोन्ही मुलांच्या हातात कात्री देऊन बघितली आणि हात निघाला मुलीचा. आता आली का पंचाईत. बाई आपला कोट कापणार म्हटल्यावर गिऱ्हाईक कापड उचलून चालतं होईल, असं आजोबांचं ठाम मत. म्हणून त्यांनी पडदा लावला, तोही दुहेरी शिवून, फट राहू नये म्हणून. मुलगा पुढे, मुलगी मागे. आत्याचं लग्न झालं नाही, कारण आजोबांना एकही स्थळ पसंत पडलं नाही असं घरात सांगतात. मला विचाराल तर स्थळं बरी असणार. तिला सासरी पाठवली असती तर दुकानाला टाळंच लावावं लागलं असतं.

काम चालायचं ते असं. बाबा माप घेताना आकडे मोठ्याने म्हणायचे, आत्या आत फळीवर खडूने लिहायची. पण माणसाच्या अंगात काही गोष्टी अशा असतात की त्या त्याच्या तोंडावर मोठ्याने बोलता येत नाहीत. त्यासाठी टाचण्या होत्या. बाबा कापडाला टाचणी लावून ते पडद्याखालून आत सरकवायचे. उजव्या टोकाला टाचणी म्हणजे उजवा खांदा पडका, डाव्या टोकाला म्हणजे डावा. मधोमध एक म्हणजे पाठीला बाक. मधोमध दोन म्हणजे पोट पुढे. तीन आल्या की आत्या कपाळाला हात लावायची आणि मला म्हणायची, "आज कोण भोपळा आलाय?" एवढ्यावर ती असा कोट कापायची की घालणाऱ्याला वाटावं, आपण मुळातच ताठ आहोत. तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि तिचं नाव घेणारंही कुणी नव्हतं.

मी शाळेतून आले की तिच्या पायाशी बसायचे. चिंध्यांवर कात्री चालवायला तिनेच शिकवलं. कापडाच्या कात्रीने मी एकदा कागद कापला तर तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. पण शिकवताना तोंडाचा पट्टा चालू असायचा, आणि त्या पट्ट्यात एकच विषय. काळ बदललाय. आता बायका कुठच्या कुठे गेल्या. आम्ही मूग गिळून बसलो, तू बसू नकोस. घरात मला शिकू द्या, हिंडू द्या, लग्नाची घाई करू नका म्हणून बाबांशी भांडायची ती एकटी. मी केस कापून आले तेव्हा आईने डोकं धरलं, आत्याने मात्र मागून माझी मान बघितली आणि म्हणाली, "कॉलर छान बसेल आता." मी तिच्यावर जीव टाकायचे. आई नव्या विचारांची नाही याचं मला कधी दुःख झालं नाही, कारण घरात आत्या होती.

गेल्या वर्षी एका मोठ्या कपड्यांच्या कारखान्यात मला पॅटर्न विभागात नोकरी मिळत होती. त्यांनी माझं कटिंग बघितलं, लगेच या म्हणाले. मी पेढे द्यायचेच काय ते बाकी होते. आत्याने मला टेबलाशी बसवलं.

"नाही म्हणून कळव त्यांना," ती म्हणाली.

"का?"

"हे दुकान आहे की. तुझा बाप आता दमलाय. वर्षभरात तो पुढचं टेबल सोडेल. तिथे तू उभं राहायचंस. माप तू घ्यायचं, कापायचंही तूच. सगळ्यांसमोर."

"बाबा ऐकतील?"

"मी सांगेन. माझा शब्द त्याने आजवर मोडलेला नाही."

हे खरं होतं. म्हणून मी कारखान्याला नकार कळवला. त्यांनी दुसरी मुलगी घेतली आणि मी पडद्यामागे आत्याशेजारी उभी राहिले, आता थोडेच दिवस राहिलेत अशा समजुतीत.

दुकानात तोवर बदल चालूच होते, आणि ते माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यातून निघत होते. त्याला गल्लीत सगळे युवराज म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. त्याने काचेचा दरवाजा बसवला, एसी आणला, आरशाभोवती दिवे लावले, दुकानाचे फोटो मोबाईलवर टाकायला लागला. जुना पडदा कळकट दिसतो म्हणून त्याने मखमलीचा नवा शिवून घेतला. शिवला कुणी, तर मी आणि आत्याने. पुढे सगळं मॉलसारखं चकचकीत आणि मागे आम्ही दोघी, आमच्याकडे एसीची हवासुद्धा येत नव्हती कारण मखमल जाड होती. मी म्हटलं, पडदाच काढूया की. युवराज म्हणाला, "तायडे, मागचा पसारा दिसेल ना." पसाऱ्यात मी धरलेली होते की नाही, ते मी विचारलं नाही.

मग वकिलांचा कोट बिघडला. वकील नवीन गिऱ्हाईक होते, कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेले. वर्षानुवर्षं जड बॅग वाहून त्यांचा उजवा खांदा चांगलाच खाली आला होता. बाबांचं वय झालंय. समोर उभ्या माणसाचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो, हे हजारो वेळा सांभाळलेलं गणित त्या दिवशी त्यांच्याकडून उलटं झालं आणि टाचणी डाव्या टोकाला लागली. आम्ही डाव्या खांद्याखाली भर घातली. वकिलांना ट्रायलला यायला फुरसत नव्हती. थेट न्यायला आले, कोट घातला आणि आरशात बघत राहिले. चढा खांदा आणखी चढला होता, पडका होता तिथेच पडला होता.

ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मास्टर, तुम्ही मला नीट पाहिलं होतं का?"

आत आम्हाला सगळं ऐकू येत होतं. आत्या पुतळ्यासारखी उभी होती. मला राहवेना. नाकावर राग असणारी मी, बापाची अशी फजिती ऐकत किती वेळ उभी राहणार? पडदा सारला आणि बाहेर गेले. म्हटलं, "सर, सरळ उभे राहा. हात सैल सोडा." मागून बघितलं, पुढून बघितलं, खडूने कोटावर खुणा केल्या. म्हटलं, "परवा या, घालून बघा, मग न्या." वकिलांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं." एवढंच. तिसऱ्या दिवशी आले, कोट घालून आरशात वळून वळून बघितलं, आणि जाताना म्हणाले, "भावालाही पाठवतो. त्याचं माप याच घेतील ना?"

मी आत आले तेव्हा हवेत होते. आत्याला मिठी मारायला गेले, तर ती इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं, गरम इस्त्री आहे म्हणून.

त्या आठवड्यात बाबांनीच विषय काढला. सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही सगळे पुढच्या भागात बसलो. बाबा म्हणाले, मला आता उजवं-डावं कळेनासं झालंय, मी थांबतो. पुढे कुणी उभं राहायचं ते ठरवा. युवराज मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला मापातलं ओ की ठो कळत नाही आणि हे तो लपवतही नाही. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मी शपथेवर सांगते, त्या नजरेत नकार नव्हता. त्यांनी आत्याकडे वळून विचारलं, "ताई, तू म्हणशील तसं."

मी आत्याकडे बघून हसलेसुद्धा.

"मुलगा उभा राहू दे पुढे," आत्या म्हणाली. "लोकांना सवय आहे. हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, तो आत हवा. मी आहे तोवर माझ्याजवळ, नंतर माझ्या जागी."

बाबांनी दोनदा विचारलं, "नक्की?" दोन्ही वेळा ती हो म्हणाली. युवराज म्हणाला, "मला काय, चालेल." एवढ्यावर सगळं संपलं. आईने चहा टाकला. मी तोंडघशी पडले होते आणि ते बघायलाही कुणाला वेळ नव्हता.

घरात मला कोण अडवेल याचा मी लहानपणापासून हिशेब मांडला होता. बाबा, आई, नातेवाईक, गिऱ्हाइकं. त्यांच्याशी काय बोलायचं ते पाठ होतं. जुन्या वळणाच्या माणसाशी भांडायची तयारी करता येते, तो कुठे उभा आहे ते तुम्हाला दिसत असतं. आत्यासाठी माझ्याकडे एक वाक्यही तयार नव्हतं, कारण भांडायला मला शिकवलं तेच तिने. केसाने गळा कापणं हे मी फक्त ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुढे युवराज टेप घेऊन उभा होता. बाबा खुर्चीत बसून त्याला सांगत होते. एक जाडजूड गिऱ्हाईक आलं होतं, आकडे ऐकू येत होते, आत्या फळीवर लिहीत होती. बाहेर माणूस असताना आत मोठ्याने बोलायचं नाही हा आमच्याकडचा नियम, त्यामुळे आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण मी कुजबुजत केलं.

"तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मी नोकरीला नाही म्हटलं त्यावर."

"माहीत आहे."

"मग बाबा तयार असताना तू का नाही म्हणालीस? बाबा तयार होते, आत्या. मी बघितलं त्यांच्याकडे."

तिने खडू खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी तू बाहेर गेलीस ना, तेव्हा मी इथे श्वास धरून उभी होते. अण्णा सांगायचे, बाई पुढे आली की दुकान बसलं. मी ते खरं धरून चालले. तू गेलीस, त्याला सरळ उभं राहा म्हणालीस, आणि तो बरं म्हणाला."

"मग? चांगलंच झालं की."

"काहीच झालं नाही," ती म्हणाली. "तेच तर. काहीच होणार नव्हतं. मीही गेले असते तर काही झालं नसतं. हे आता रोज बघू मी? तू तिथे उभी, लोक बरं म्हणतायत, आणि मी इथून ऐकतेय. मग मी कशासाठी बसले गं इथे?"

दुसरी कुणी असती तर मला दया आली असती. मला आली नाही.

"म्हणून आता मीही बसू?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

तेवढ्यात पडद्याखालून कापड आत सरकलं. मधोमध तीन टाचण्या होत्या. आत्याने वाकून ते उचललं, टेबलावर पसरलं, हात फिरवून सुरकुती काढली. मी माझी पिशवी घेतली आणि पडदा सारून पुढे आले. गिऱ्हाईक दचकलं. युवराजच्या हातातला टेप तसाच राहिला.

"ही कोण?" गिऱ्हाइकाने विचारलं.

बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "मुलगी माझी," ते म्हणाले. "आत काजं-बटणं करते."

मी थांबले. बाबांकडून मला काही नको होतं. मी पडद्याकडे बघत उभी राहिले. तिने बाहेर यायचीही गरज नव्हती, आतून नुसतं "खोटं आहे ते" म्हटलं असतं तरी मी परत आत जाऊन बसले असते, खरंच बसले असते. तिला सगळं ऐकू गेलं होतं. आत कापडावर कात्री चालू झाली, आणि ती एकदाही अडखळली नाही.