माठ भरायला योग्य उमेदवार

"कारण काय लिहू, साहेब?"

मी तिसऱ्यांदा विचारलं. साहेबांनी तिसऱ्यांदा खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पाण्याचा टँकर उभा होता. बाकी बघण्यासारखं काही नव्हतं.

"लिहा नेहमीचं. योग्य उमेदवार मिळाला नाही."

"ते गेली दोन वर्षं चाललं. आता वरून परिपत्रक आलंय. उमेदवार का योग्य नाही ते सविस्तर लिहायचं. आणि खाली माझी नाही, तुमची सही पाहिजे."

साहेबांनी खिडकी सोडली.

मी नगरच्या एका सरकारी ऑफिसात आस्थापना लिपिक होते. खातं सांगत नाही, त्या लोकांची मुलंबाळं अजून नगरातच राहतात. आस्थापना म्हणजे कोण कामावर लागला, कोण रजेवर गेला, कोण रिटायर झाला, याच्या नोंदी. माझ्याकडे रोस्टर नावाचं एक रजिस्टर होतं. भरती होईल तसे त्यात एकाखाली एक क्रमांक भरायचे. काही क्रमांकांवर लाल शाईची खूण असे. त्या क्रमांकाची जागा मागासवर्गीय उमेदवारालाच द्यायची. उमेदवार मिळाला नाही, तर जागा पुढच्या वर्षावर ढकलायची. आमच्याकडच्या नियमाने तिसऱ्या वर्षीही मिळाला नाही, तर ती सगळ्यांना खुली. ही पळवाट कोणी ठेवली माहीत नाही, पण आमच्या ऑफिसात तिचा हमरस्ता झाला होता.

शिपायाची एक जागा अशीच दोन वर्षं ढकलत आणलेली. हे तिसरं वर्ष, दुष्काळाचं. जागा खुली झाली की कोण लागणार तेही ठरलेलं होतं. साहेबांच्या सासुरवाडीचा एक मुलगा केडगावला मावशीकडे येऊन राहिला होता. अधूनमधून ऑफिसात यायचा आणि दाराबाहेरच्या शिपायाच्या स्टुलावर बसून बघायचा, बूड नीट टेकतंय का.

आणि आमचा अयोग्य उमेदवार होता बबन साळवे. राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवराचा, बौद्ध समाजातला. साखर कारखान्यात सीझनपुरतं काम करायचा. जागेला सातवी पास पुरे होतं, हा मॅट्रिक होता. मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी त्याचे कागद तपासले. पुढच्या महिन्यात त्याची नोकरीला लागायची वयोमर्यादा संपत होती.

"याआधी कुठं मुलाखत दिली होती का?" मी विचारलं.

"हितंच की, बाई. दोन वर्सं झालं येतोय. तुमीच घेतले हुते माजे कागद."

मला आठवेना. मागची फाइल काढली. दोन्ही वर्षी त्याचं नाव होतं, आणि पुढे माझ्या अक्षरात, 'योग्य उमेदवार मिळाला नाही.' माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत त्याला बक्षीस मिळालं होतं. त्या दिवशी मला त्या अक्षराची लाज वाटली. साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं, एवढंच. कुणाबद्दल लिहितेय ते बघितलंसुद्धा नव्हतं.

"या बारीला न्हाई झालं तर मंग न्हाईच," बबन म्हणाला. "वय निगून जातंय." गयावया नाही, काही नाही. एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

मुलाखत झाली आणि दुपारी मी फाइल घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. बाजूला हेडक्लार्क भाऊसाहेब बसले होते.

"शिक्षण कमी पडतं असं लिहा," साहेब म्हणाले.

"मॅट्रिक आहे, साहेब. आपल्या भाऊसाहेबांइतकंच."

भाऊसाहेब खाकरले.

"सायकल येत नसेल. डाक कशी वाटणार?"

"पहाटे निघून देवळालीहून सायकलवर आलाय."

"मग प्रकृती..."

"देवळालीहून सायकलवर आलाय, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज मऊ केला. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. घटनेत सगळ्यांना समान संधी म्हटलंय. मग एकासाठी जागा अडवून ठेवायची, हा दुसऱ्यावर अन्याय नाही का?"

हा प्रश्न टाकाऊ नाही. आजही लोक विचारतात, काही जण मनापासून विचारतात. पण मनापासून विचारणाऱ्याच्या सासुरवाडीचा मुलगा बाहेर स्टुलावर बसलेला नसतो.

"असेल, साहेब. आपल्याकडे सहा शिपाई आहेत, सगळे समान संधीनेच लागले. त्यांच्यात एकही मागासवर्गीय कसा नाही, तेही कारणात लिहू का?"

साहेबांनी ते सोडून दुसरं धरलं. "तो बौद्ध ना? धर्म बदलला म्हणजे जात गेली. मग सवलत कसली?"

"राज्य सरकारने बौद्धांची सवलत चालू ठेवली आहे. कागद फाइलला लावलाय."

आता भाऊसाहेबांना राहवेना. माणूस वाईट नव्हता. माझ्या मुलीच्या आजारपणात त्यांनी माझं टेबल महिनाभर सांभाळलं होतं. ते हळूच म्हणाले, "बाई, जरा समजून घ्या की. शिपाई म्हंजे नुसती डाक न्हाई. सकाळी माठ कोन भरतो? चहाचे कप कोन विसळतो? हितं माणसं जेवायला बसत्यात."

दोन वर्षं फाइलीत नसलेलं कारण ते हे.

"म्हणजे सवलत द्यायची वेळ आली की त्याची जात गेलेली असते, आणि माठापाशी गेला की ती परत येते?" मी म्हटलं. "मग तसंच लिहिते. 'उमेदवार सर्व बाबतींत पात्र आहे, परंतु कार्यालयास त्याच्या हातचे पाणी चालत नाही.' खाली साहेबांची सही."

अस्पृश्यता पाळणं कायद्याने गुन्हा आहे हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि सही करून गुन्हा कबूल करणारा अधिकारी अजून जन्मायचा होता.

"बाई, तुम्ही फार बोलता."

"हो, साहेब. लिहू का?"

"ऑर्डर टाइप करा," साहेब म्हणाले.

इथपर्यंतची हकीकत मी नातेवाइकांत पुष्कळदा सांगितली आहे. लोक खूश होतात. पुढची सहसा सांगत नाही.

बबन सोमवारी हजर झाला. माठ घासला, भरला, भोवती ओलं फडकं गुंडाळलं. त्या दिवशी ऑफिसात कुणाला तहानच लागेना. एप्रिलचं नगर, डोक्यावर पत्रे, आणि माठ काठोकाठ तसाच. भाऊसाहेबांनी घरून फिरकीचा तांब्या आणला होता. साहेबांकडे थर्मास आला. टँकर कुठल्या विहिरीवर कोण भरतो हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

आणि मी? दुपारी डबा खाताना चटणीचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. माठ तीन पावलांवर होता. मी उठले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. पदराने तोंड पुसलं आणि तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बबनने डाक माझ्या टेबलावर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, काल ठसका लागला तुमाला. पानी जवळच हुतं."

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

उठले, माठातलं ग्लासभर पाणी प्याले. टँकरचंच पाणी ते, जरा मचूळ. बबन बघत थांबला नाही. त्याला डाक वाटायची होती.

भाऊसाहेबांचा तांब्या पावसाळ्यापर्यंत टिकला. मत बदललं म्हणून नाही, रोजचं ओझं नको म्हणून सुटला. साहेबांची बदली झाली. सासुरवाडीचा मुलगा दुसरीकडे लागला, तसे लागतातच. बबन पुढे खात्याची परीक्षा देऊन क्लार्क झाला.

नोकरीत मी एवढं शिकले, की दुसऱ्याकडे लेखी कारण मागायला फारशी हिंमत लागत नाही. त्याचाच तर पगार असतो. बबनने मला तोंडी विचारलं म्हणून मी सुटले. पाणी का प्यायलं नाही याचं कारण कागदावर मागितलं असतं, तर साहेबांसारखीच मीही खिडकीबाहेर बघत बसले असते.