बॉनेटवरचं कुंकू

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, पण पॉलिशचा वास आला की ती दुपार आठवतेच. हुमनाबादला माझं गाड्या धुऊन चमकवायचं दुकान होतं. पांढऱ्या गाडीला कोटिंग करून घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मी छातीठोकपणे सांगितलं, "आता काहीबी लागू द्या, डाग पडत न्हाई." माझा जुना कारागीर हळूच म्हणाला, "अण्णा, दसऱ्याचं कुंकू लगेच धुवा म्हणून सांगा की." मी त्याला गप्प केलं. कोटिंगनं चमक राहते, धूळ लवकर निघते, पण ओलं लावून वाळलेल्या कुंकवापुढं त्याचं चालत नाही, हे मलाही ठाऊक होतं. दसऱ्याला त्या गिऱ्हाइकानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पूजेचं कुंकू पुसू नये म्हणून आठवडाभर तसंच ठेवलं. गुलाबी डाग निघेना, तेव्हा तो भांडायला आला. चार माणसांदेखत मी कारागिराकडं बोट दाखवलं, "ह्यानंच नीट काम केलं न्हाई." तो माझ्याकडं बघत म्हणाला, "व्हय अण्णा, माझंच चुकलं," आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. गेल्या वर्षी दुबलगुंडीला त्याच्या घरी गेलो. चहा देत त्यानं विचारलं, "कामून आलाव, अण्णा?" माफी मागायला आलो होतो. "सहज," म्हणालो आणि चहा संपवून उठलो.